चर्चच्या सेवा ग्रुपचा आमचा अनुभव

मागच्या डिसेंबरात बाबा नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, अ‍ॅडमिट होते, तेव्हा रात्री वॉर्डाबाहेर आमच्या भागातल्या पॅरिशची (म्हणजे स्थानिक चर्चची) पोरं ब्लँकेट वाटून राहिली होती, तिथून ओळख झाली. मेडिकलला गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट येतात, सोबतचे नातेवाईक फरशीवरच झोपतात आणि नागपूरची थंडी तर माहीतच आहे. कोणी कोणाला धर्म विचारला नाही, प्रार्थनेला या म्हटलं नाही, फक्त "काका, जेवले का?" एवढंच. मला ते फार भावलं.

नंतर मीपण दर रविवारी जाऊ लागलो. हे लोक सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे, १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या २० वर्षांच्या कॉलेजच्या पोरानं मित्रांसोबत सुरू केलेली संस्था. यांची पद्धत म्हणजे दोघादोघांनी गरजू माणसाच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, मग मदत ठरवायची. एका आजीकडे आम्ही किराणा घेऊन गेलो तर तिला खरं पाहिजे होतं कोणीतरी बँकेत सोबत येणारं. नुसतं सामान टाकून आलो असतो तर कळलंच नसतं ना.

एक गोष्ट सुधरवा राजेहो, ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही, नवीन माणूस तिथूनच परत जातो. सरळ रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) संपल्यावर जा, मराठीत बोला, लगेच कामाला लावतात. पाच स्टार.