जुना टग: वाफेवरचा भारी की डिझेलवरचा?

टगबोट म्हणजे स्वतः एवढीशी आणि ओढायची हत्तीएवढी जहाजं. आता जुन्यातला वाफेवरचा टग भारी की नंतर आलेला डिझेलवाला, तर माझं मन वाफेकडे झुकतं, पण खर्च बघितला की गप्प बसावं लागतं.

वाफेवाल्याचा बॉयलर थंड असेल तर वाफ तयार व्हायलाच कित्येक तास, म्हणून दोन कामांच्या मधेही आग चालू ठेवायची, म्हणजे टग नुसता उभा तरी कोळसा जळतोय आणि फावडं मारणारा घामाघूम. डिझेलला हे काहीच नाही, थोड्या वेळात इंजिन तयार, माणसंही कमी. वाफ इथेच हरली खरंतर.

पण चालवायची मजा वेगळी. वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावतं, आवाज कमी, आणि उलटं फिरवायला फक्त लिव्हर. सुरुवातीच्या बऱ्याच डिझेल टगना मात्र रिव्हर्ससाठी इंजिन बंद करून दाबलेल्या हवेने उलट्या दिशेला परत सुरू करावं लागायचं, आणि टाकीतली हवाच संपली तर? समोर धक्का, मागे जहाज, बसा बोंबलत! पुढे डिझेल-इलेक्ट्रिक (डिझेल इंजिन वीज बनवतं आणि पंखा विजेच्या मोटरवर फिरतो) आणि चांगले गिअरबॉक्स आले तेव्हा ही कटकट गेली.

दोर आडवा ताणला जाऊन टग उलटायची भीती दोघांनाही, तिथे कॅप्टनचा हातच लागतो.

बाय द वे, १८०३ मध्ये स्कॉटलंडच्या कालव्यात शार्लट डंडास या वाफेच्या बोटीने समोरून वारा असताना दोन बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) ओढले होते, तरी काठ ढासळतील म्हणून कालवावाल्यांनी तिला पुढे वापरलंच नाही.