इंग्रजी-उर्दू शब्दकोशाचे एक अ‍ॅप आणि ग्रीक लेखकांची परीक्षा

भुसावळला एम.ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना साहित्यसमीक्षा शिकवताना मला दरवर्षी एकच अडचण येते. वर्गातल्या काही मुली उर्दू माध्यमातून आलेल्या असतात. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘पोएटिक्स’, म्हणजे काव्यशास्त्रावरचा ग्रंथ, त्यांना इंग्रजीतून जड जाते आणि मी मदतीला घेतलेले ‘शोकात्मिका’, ‘अनुकृती’, ‘विरेचन’ हे मराठी शब्द तर त्यांना त्याहूनही परके वाटतात. त्यांच्यापैकी एकीने मोबाइलवरील मोफत इंग्रजी-उर्दू शब्दकोश दाखवला, तेव्हापासून चार महिने मी तो वापरत आहे. प्राचीन ग्रीक लेखक आणि लेखनविद्या यांच्याशी संबंधित साठेक शब्द मी त्यात तपासले. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आणखी दोन अ‍ॅपांत अक्षरशः तेच अर्थ आढळले.

परीक्षेची सुरुवात व्यक्तिनामांपासून केली. प्लेटोला ‘अफलातून’, अ‍ॅरिस्टॉटलला ‘अरस्तू’, सॉक्रेटिसला ‘सुकरात’, वैद्य हिपोक्रेटिसला ‘बुकरात’ आणि वैद्य गेलेनला ‘जालीनूस’ असे अचूक पर्याय मिळाले. होमर टाइप केल्यावर मात्र ‘नामाबर कबूतर’, म्हणजे निरोप्या कबुतर, असे उत्तर आले. इंग्रजीत घरी परतणाऱ्या कबुतरालाही हा शब्द आहे, त्यामुळे उत्तर खोटे म्हणता येत नाही. पण ‘इलियड’च्या कर्त्याचा त्या पानावर मागमूसही नव्हता. नाटककार सोफोक्लीस आणि कवयित्री सॅफो यांची केवळ इंग्रजी उच्चाराबरहुकूम उर्दू लिपीत नक्कल केलेली होती.

ही विषमता केवळ अ‍ॅपच्या निष्काळजीपणातून आलेली नाही आणि नेमके तेच ते वापरणाऱ्याला सांगत नाही. उर्दूत ग्रीक विद्या दोन वेगवेगळ्या वाटांनी आली. पहिली वाट नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादची. हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्या अनुवादकांनी वैद्यक, तर्कशास्त्र, गणित आणि खगोल यांवरील ग्रंथ अरबीत आणले आणि त्या ग्रंथांबरोबर त्यांचे कर्तेही अरबी वेशात आले. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही, म्हणून प्लेटोच्या मूळ ‘प्लातोन’चा ‘अफलातून’ झाला आणि खगोलज्ञ टॉलेमीचा ‘बतलीमूस’. महाकाव्ये आणि नाटके यांच्याकडे त्या अनुवादकांनी सहसा लक्ष दिले नाही. त्यामुळे होमर आणि सोफोक्लीस यांची ओळख उर्दूला खऱ्या अर्थाने झाली ती दुसऱ्या वाटेने, इंग्रजी शिक्षणातून. एका शब्दकोशात ‘जालीनूस’ आणि ‘सोफोक्लीस’ शेजारी-शेजारी दिसले, तर ती नावे येण्यामध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे, हे सांगणारी एक ओळ तरी असायला हवी होती.

पारिभाषिक शब्दांत अ‍ॅपची कामगिरी बरी आहे. ट्रॅजेडीसाठी ‘अलमिया’, कॉमेडीसाठी ‘तरबिया’, एपिकसाठी ‘रजमिया’ आणि डायलॉगसाठी ‘मुकालमा’ हे रूढ आणि योग्य शब्द आहेत. अलम म्हणजे दुःख आणि तरब म्हणजे आनंद, असे व्युत्पत्तीसकट सांगितले की मुलींना शोकात्मिका-सुखात्मिकेचा भेद लगेच उमगतो. या शब्दांची किंमत कळायची असेल, तर जुन्या अनुवादकांची फजिती आठवावी. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी ‘पोएटिक्स’ अरबीत आणले, तेव्हा समोर नाटकाची परंपरा नसल्यामुळे ट्रॅजेडी म्हणजे स्तुतिकाव्य आणि कॉमेडी म्हणजे निंदाकाव्य असा अर्थ केला गेला आणि पुढे इब्न रुश्द यांच्यासारखा भाष्यकारही त्याच वाटेने गेला. दुर्दैवाने अ‍ॅपमध्ये उच्चारासाठी दिलेल्या रोमन लिपीत ‘अलम’ म्हणजे दुःख आणि ‘अलम’ म्हणजे ध्वज हे दोन शब्द एकसारखेच दिसतात. उर्दू लिपीत ते अलिफ आणि ऐन यांनी स्पष्ट वेगळे होतात. तेव्हा विद्यार्थ्यांनी रोमन ओळीवर विसंबू नये.

काव्यप्रकारांत एक पर्याय आवडला, एक खटकला. ओडसाठी दिलेला ‘कसीदा’, म्हणजे स्तुतिकाव्य, हा शब्द ग्रीक कवी पिंडारला चांगलाच शोभतो, कारण त्यानेही क्रीडास्पर्धांतील विजेत्यांची स्तुती आश्रयदात्यांसाठीच गायिली. एलेजीसाठी दिलेला ‘मर्सिया’, म्हणजे शोकगीत, मात्र दिशाभूल करणारा आहे. उर्दू वाचकाच्या मनात मर्सिया म्हटले की करबलाच्या रणातील इमाम हुसेन यांचे हौतात्म्य उभे राहते. ग्रीकांची एलेजी ही मुळात विशिष्ट वृत्तावरून ओळखली जाई आणि स्पार्टाचा कवी तिर्तायस याने तर त्या वृत्तात सैनिकांना लढायला उठवणारी काव्ये रचली.

लेखनसाहित्याच्या शब्दांनी सर्वाधिक निराशा केली. ‘स्टायलस’ म्हणजे मोबाइलची काडी आणि ‘स्क्रोल’ म्हणजे पडदा वरखाली करणे, एवढेच अर्थ आहेत. गुंडाळीसाठी ‘तूमार’ हा नेमका शब्द उर्दूत असताना तो का सुचू नये? पपायरसला नुसते ‘एक प्रकारचा कागद’ म्हटले आहे. ती नाइल नदीकाठची लव्हाळ्यासारखी वनस्पती आहे, हे सांगितलेले नाही. खरे तर या शब्दांत केवढी मौज दडलेली आहे! ‘कलम’ हा शब्द ग्रीक ‘कालामॉस’वरून आला आणि त्याचा अर्थ आपल्या बोरूसारखी लव्हाळ्याची काडी. ‘दफ्तर’चे मूळ ‘दिफ्थेरा’, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेले कातडे. आमच्या खानदेशातली पोरे रोज सकाळी ते दप्तर पाठीवर टाकून शाळेत जातात, आणि एखाद्या पंगतीत भरीत चांगले जमले की ते अफलातून झाल्याचे सांगताना प्लेटोची कोणाला आठवणही येत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शब्दसंग्रह उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो, त्यामुळे यावल-रावेरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना एसटीतही तो वापरता येतो. नस्तालिक, म्हणजे उर्दूचे नेहमीचे वळणदार अक्षर, सुवाच्य आहे. जाहिराती मात्र दर तिसऱ्या शब्दाला आडव्या येतात.

दैनंदिन इंग्रजीसाठी हे अ‍ॅप खुशाल वापरावे. साहित्यसमीक्षेसाठी मी त्याच्या जोडीला मौलवी अब्दुल हक यांचा 1937 साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी-उर्दू कोश टेबलावर ठेवतो. तो जाडजूड आहे, पिशवीत मावत नाही आणि मुलींना पाने उलटण्याचा कंटाळा येतो, पण शब्दाला संदर्भ असतो याची जाणीव त्या पानांतून होते. होमरबद्दल अ‍ॅपच्या निर्मात्यांना मी दोन वेळा कळवले. नुकतीच नवी आवृत्ती आली. जाहिराती वाढल्या आहेत आणि कबुतर जागचे हललेले नाही.