झोन : दहा वर्षांनी पाळलेला शब्द

जपानच्या झोन या बँडच्या ‘सीक्रेट बेस’ गाण्याची जुनी सीडी मागवली, ती राजारामपुरीत घरपोच आली. पातळ पाकिटामुळं केसचा कोपरा तडकलाय, पण चकतीवर एकही ओरखडा नाही. गाण्यांचे बोल छापलेला कागदही कोरा करकरीत.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवते, त्यामुळं कान आधी ठेक्याकडं जातो. इथं ठेका संथ आहे, आवाजावर कुरघोडी करत नाही. गाणं थेट ध्रुवपदानंच सुरू होतं. उन्हाळा संपताना ताटातूट होणारे दोघं एकमेकांना शब्द देतात, दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू. मुख्य गायिका मियूचा आवाज कोवळा आहे, पण रडका नाही. मला तेच भिडलं.

सप्पोरो शहरातल्या या पोरी आधी नाचगाण्याच्या ग्रुपमध्ये होत्या, वाद्यं नंतर हातात आली. त्यावरून त्यांना हिणवणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. शिकत शिकतच स्टेजवर उभं राहायला छाती लागते.

हे गाणं ऑगस्ट 2001 मधलं. 2005 साली टोकियोतल्या बुदोकान सभागृहातल्या कार्यक्रमानंतर बँड थांबला. आणि ऑगस्ट 2011 मध्ये, गाण्यात म्हटल्याप्रमाणं, त्या खरंच परत एकत्र आल्या! बँडमधली ताकायो 2003 मध्येच बाहेर पडली होती, म्हणून या वेळी तिच्या जागी आलेली तोमोका होती. 2013 मध्ये पुन्हा सगळं थांबलं, तरी शब्द पाळला होता.

ऐकाच. पहिल्यांदा हेडफोन लावून, मोबाईलच्या स्पीकरवर खर्जातला बेस पार हरवतो. सीडीची तडकलेली केस मी बदलून घेणार आहे.