बडिंगच्या पेटंटातला रीळ मोवर: काय उत्तम, कुठे अडतो

इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळच्या थ्रप इथे एडविन बिअर्ड बडिंग यांनी १८३० मध्ये हिरवळ कापायच्या यंत्राचं, म्हणजे मोवरचं, पेटंट घेतलं. लोकरी कापडावर उभे राहिलेले तंतू छाटायला गिरणीत फिरत्या पात्यांचा दंडगोल, म्हणजे रीळ, असे, तोच त्यांनी गवतावर आणला. कारखानदार जॉन फेराबी यांच्यासोबत उत्पादन सुरू झालं आणि १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनेही परवाना घेऊन यंत्रं बनवली. रुंदी १९ इंच, गिअर बिडाचे. मागचा रोलर एकदा फिरला की दंडगोल १६ वेळा फिरे, आणि मधला रोलर वर-खाली करून कापणीची उंची ठरे. यंत्र इतकं जड होतं की ओढायला पुढून आणखी एक मूठ लावावी लागली.

वजन सोडलं तर आजचा हाताने ढकलायचा रीळ मोवर मुळात तोच आहे. रोटरी मोवर जमिनीला समांतर फिरणारं पातं जोरात आपटून गवत तोडतो. पात्याची धार गेली असेल तर शेंडे फाटतात आणि हिरवळ वरून तपकिरी दिसू लागते. रीळ मोवर मात्र कात्रीसारखा कापतो. रिळाचं पीळदार पातं खालच्या स्थिर पात्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातं, म्हणून जोर कमी लागतो आणि काप स्वच्छ येतो. कापणीच्या दर्जात याला तोड नाही.

पण सगळा खेळ त्या दोन पात्यांमधल्या फटीचा. ती साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी हवी. दोन्ही टोकांचे स्क्रू आलटून पालटून पाव फेऱ्याहून कमी फिरवायचे. एकच बाजू आवळली तर पातं तिरकं बसतं. मग जाड हातमोजे घालून रीळ हळू फिरवायचं आणि कागदाची पट्टी डावीकडे, मधे, उजवीकडे धरून बघायची. प्रत्येक पात्याने ती सरळ कापली पाहिजे. कागद नुसता दुमडला तर फट जास्त आहे. रीळ जड फिरून करकरत असेल तर फट कमी झाली आहे. अशा घट्ट यंत्राची धार घर्षणाने लवकर जाते, आणि कापत नाही म्हणून ते आणखी आवळणं हाच सर्रास होणारा घोळ.

धार बोथट झाली की चाक काढून, रिळाच्या दांड्याला हँडल लावून ते उलटं फिरवायचं आणि पात्यांना ८० ते १२० ग्रिटची (कणांच्या बारीकपणाचा आकडा) घासपेस्ट लावायची. पात्याच्या पूर्ण लांबीवर सलग करडी रेघ उमटली की थांबावं. पेस्टचा कण न् कण धुऊन, पुसून, तेल लावून फट पुन्हा जुळवावी. खड्याने पातं वाकलं असेल किंवा स्थिर पात्याची कड गोल झाली असेल, तर पेस्टने भागत नाही. तिथे ग्राइंडिंगच लागतं.

चाक फिरतं पण रीळ फिरत नाही, तेव्हा चाकातला पॉल, म्हणजे चाकाची गती रिळाला देणारा खटका, बघावा. जुनं ग्रीस सुकून तो अडकतो. रॉकेलने धुतला की बहुधा सुटतो. ओल्या गवतात चाकंच घसरतात, त्यामुळे सकाळचं दव सुकू द्यावं.

खरी मर्यादा उंच गवताची आहे. रिळाच्या निम्म्या व्यासापेक्षा वाढलेलं गवत पात्यांखाली आडवं होतं आणि यंत्र पुढे गेलं की पुन्हा उभं राहतं. जाड दांड्याचं तणही तसंच सुटतं. वाढीच्या दिवसांत आठवड्याला दोनदा कापणं होणार नसेल तर हे यंत्र घेऊ नये.

घेताना पाती मोजावीत. २५ मिमीच्या वर ठेवायच्या हिरवळीला ५ पाती पुरतात. त्याच यंत्राने फार खाली कापलं तर दोन कापांमधलं अंतर गवताच्या उंचीपेक्षा जास्त होतं आणि हिरवळीवर आडव्या लाटा दिसतात. तिथे १० पात्यांचं रीळ हवं. बाजूला चाकं असलेलं यंत्र हलकं चालतं, पण वाफ्याच्या कडेचं गवत त्याला पोचत नाही. मागे रोलर असलेलं अगदी कडेपर्यंत कापतं, त्यामुळे वाफे जास्त असतील तर रोलरवालंच घ्यावं.