‘बुटका’ म्हणून गळ्यात मारलेला अजगर

व्यवहार साधारण असा होतो. जाळीदार अजगराचं (रेटिक्युलेटेड पायथनचं) एक पिल्लू दाखवलं जातं, लांबी ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. सोबत माहिती मिळते: वय दीड वर्ष, ‘सुपर ड्वार्फ’ वाण, दोन मीटरच्या वर जाणार नाही, नर आहे, बंदिवासात जन्मलाय, स्वभाव गरीब. घेणारा त्या हिशेबाने पेटी बनवून घेतो. दोन-तीन वर्षांनी त्याच पेटीत साडेतीन मीटरचं जनावर नाकाने दार ढकलत असतं आणि विकणारा फोन उचलत नाही. पैसे गेले ते गेलेच, पण खरं नुकसान पुढे असतं. वीस वर्षं सहज जगणाऱ्या एका जिवाला आता कुठेच जागा नसते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

आधी ‘बुटक्या’ वाणाबद्दल. हा प्रकार खोटा नाही. इंडोनेशियातल्या तानाजाम्पेया, कालाओतोआ अशा बेटांवर जाळीदार अजगर खरोखरच लहान राहतात. कालाओतोआचे शुद्ध वंशाचे अजगर दोन-अडीच मीटरच्या आसपास थांबतात, तर मोठ्या वंशाची मादी पाच-सहा मीटर होते. बाजारात मात्र शुद्ध वंश क्वचितच असतो, संकरच जास्त. ५० टक्के म्हणजे आई-बापांपैकी एक शुद्ध बेटाचा. २५ टक्के म्हणजे चार आजी-आजोबांपैकी एक. १२.५ टक्के म्हणजे आठ पणजी-पणजोबांपैकी एक, आणि तरीही जाहिरातीत शब्द तोच, ‘सुपर ड्वार्फ’. शिवाय हे टक्के वंशावळीचे असतात, लांबीचे नव्हेत. एकाच विणीतली दोन पिल्लं मोठी झाल्यावर मीटरभर फरकाची निघू शकतात. त्यामुळे टक्केवारी ऐकून गप्प बसू नका. दोन्ही पालकांचे, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि त्यांची वयं मागा. पालक दाखवता येत नसतील तर मोठ्या वंशाचं पिल्लू घेतोय असं धरून चाला. तेवढी जागा नसेल तर घेऊ नका.

याहून वाईट प्रकार म्हणजे मोठ्या वंशाचं पिल्लू उपाशी ठेवून लहान राखायचं आणि बुटकं म्हणून विकायचं. हे कागदावर कळत नाही, पण हाताला लगेच कळतं. पिल्लू हातावर घेऊन मधल्या भागावरून दोन बोटं फिरवा. धडधाकट अजगराचं अंग गोलसर लागतं, कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंची भर असते. उपाशी ठेवलेल्याचं अंग घराच्या छपरासारखं लागतं, वर कण्याची धार आणि दोन्हीकडे उतार. वेटोळं घालताना कुशीवर लांबट सुरकुत्या पडतात. डोकं मात्र वाढलेलं असतं, त्यामुळे बारीक मानेवर ते बोजड दिसतं. असं पिल्लू घरी आणून भरपेट खायला घातलं तर तेही चुकतं. उपासानंतरचं पहिलं भक्ष्य शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा बारीकच हवं, नाहीतर दोन-चार दिवसांत ते ओकून टाकतं. ओकल्यावर किमान दहा-बारा दिवस काही द्यायचं नाही आणि पुन्हा सुरुवात त्याहून लहान भक्ष्याने करायची.

‘नर आहे, लहानच राहील’ या वाक्यावरही विसंबू नका. मोठ्या अजगरांत मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, म्हणून मादी नर म्हणून खपवण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या नख्या बघून लिंग सांगणारे खूप आहेत. नराच्या नख्या बहुधा मोठ्या असतात हे खरं, पण पिल्लांत तो भरवशाचा पुरावा नाही. खात्रीची पद्धत म्हणजे बोथट सळई गुदद्वारातून शेपटीकडे सरकवून पाहणं. मादीत ती दोन-चार खवल्यांइतकी जाते, नरात नऊ-दहा किंवा त्याहून जास्त. हे काम अनुभवी हातानेच व्हावं, जोर लागला तर इजा कायमची होते.

‘स्वभाव गरीब’ ही तर सर्वांत सोपी थाप. अजगर सहसा स्वतःची उष्णता तयार करत नाही. बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत दोन-तीन तास ठेवला की तो मंद होतो, हातात पडून राहतो, आणि घेणाऱ्याला तो माणसाळलेला वाटतो. घरी उबेच्या बाजूला ३१-३३ अंश आणि थंड बाजूला २६-२७ अंश अशी योग्य व्यवस्था मिळताच तोच अजगर दार उघडताक्षणी झेपावतो. जाताना इन्फ्रारेड थर्मामीटर बरोबर न्या. अंगाचं तापमान २८-२९ अंशांच्या आसपास असताना तो कसा वागतो ते पाहा, थंड असेल तर ऊब मिळेपर्यंत थांबा. थांबू देत नसतील तर व्यवहार तिथेच सोडा. जनावर गरीब असो वा नसो, अडीच-तीन मीटरच्या पुढचा अजगर एकट्याने हाताळायचा नाही. हा नियम सवय झाली म्हणून ढिला होत नाही.

रंगांच्या वाणांतही असाच खेळ चालतो. अल्बिनोचा गुण लपवून वाहणाऱ्या, पण दिसायला साध्या पिल्लाला ‘हेट’ म्हणतात. अल्बिनो आणि साधा यांची सगळी पिल्लं खात्रीने हेट, म्हणजे ‘१०० टक्के’ असतात. दोन हेटच्या विणीत मात्र साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांमागे सरासरी दोन हेट निघतात, म्हणून त्यांना ‘६६ टक्के’ म्हणतात. ही फक्त शक्यता झाली, आणि डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. ‘६६ टक्के’चं पिल्लू ‘१०० टक्के’च्या भावात विकणं फार सोपं आहे. पालकांच्या पुराव्याशिवाय त्याला साध्या पिल्लाचीच किंमत द्यावी.

कागदपत्रांत नेमकं काय बघायचं? अजगराच्या सर्व जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहेत, भारतीय अजगर परिशिष्ट १ मध्ये, बाकीचे परिशिष्ट २ मध्ये. सीमेपलीकडून आलेल्या जनावराच्या परवान्यावर शास्त्रीय नाव, संख्या आणि स्रोताचं अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातून पकडलेला. तोंडाने ‘बंदिवासातला’ म्हणायचं आणि कागदावर ‘डब्ल्यू’, हे घडतं. निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो, तरी त्याची झेरॉक्स नंतरच्या प्रत्येक पिल्लासोबत फिरत राहते. तारीख आणि संख्या जुळवून पाहा. रानातल्या अजगराच्या खवल्यांखाली बऱ्याचदा गोचिडी असतात आणि नाकाचं टोक जाळीवर घासून सोललेलं असतं. राहत्या ठिकाणचा कायदा आधी वाचा, कारण बेकायदा अजगर घेणारा फसला तरी तक्रार करायला जाऊ शकत नाही आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

न पाहता मागवत असाल तर फोटोवर पैसे पाठवू नका. चोरलेले फोटो, मग ‘परत मिळणारं’ पेटीचं डिपॉझिट, मग विमा, मग परवान्याची फी, अशी साखळी सुरू होते आणि जनावर कधीच येत नाही. व्हिडिओ कॉलवर डोक्याची आणि पाठीची नक्षी जवळून दाखवायला सांगा आणि स्क्रीनशॉट ठेवा. दोन अजगरांची नक्षी सारखी नसते, त्यामुळे आलेलं जनावर तेच की दुसरं हे नंतर ताडून बघता येतं.

आल्यावर पेटी उघडतानाचा व्हिडिओ एका सलग तुकड्यात घ्या. तोंड उघडून आत फेस, चिकट तार किंवा दह्याच्या कवडीसारखा पू आहे का ते पाहा. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, शोधा. पाण्याच्या भांड्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइटच. डोकं वर वळवून तसंच राहणं किंवा पाठीवर उलटं केल्यावर सरळ न होणं ही मेंदूच्या आजाराची लक्षणं आहेत. घरात दुसरे साप असतील तर नव्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्या-भांड्यांसह ९० दिवस ठेवा आणि निडोव्हायरस या श्वसनमार्गाच्या विषाणूसाठी तोंडाच्या स्वॅबची पीसीआर चाचणी करून घ्या.

आणि तो दगावला, तर फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पिशवीत बंद करून साध्या फ्रीजमध्ये ठेवा आणि शक्यतो चोवीस तासांत पशुवैद्याकडे शवविच्छेदनाला न्या. आजार जुना होता की नवा, हे ठरवायला त्या अहवालाइतका भक्कम कागद दुसरा नाही.