शब्द ओळखीचा, नाव विरळ: मुलीचं नाव निवडताना

हजेरी घेताना एका वर्गात तीन आराध्या आल्या की तिघींचीही नावं जातात. एक 'आराध्या के.' होते, दुसरी 'आराध्या पी.', आणि तिसरीला मुलंच 'छोटी आराध्या' म्हणू लागतात. ती पुढे कितीही उंच झाली तरी शाळा सुटेपर्यंत छोटीच राहते. या तिन्ही घरांत नाव ठरवताना 'जरा वेगळं हवं' असंच म्हटलं गेलं असणार, याची मला खात्री आहे.

धाकट्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "ताई, सगळ्यांचं असतं तसलं नको. पण ऐकल्याऐकल्या मुलीचं नाव आहे हे कळलं पाहिजे." या दोन अटींवर आम्ही तीन आठवडे खल केला. नाव शोधणारा कुणीही याच वळणांवर अडतो, म्हणून आमची तुलना इथे मांडते.

पहिलं वळण असं: शब्दच नवा हवा, की ओळखीचा शब्द नाव म्हणून नवा?

शनाया, कियारा, अनायरा ही पहिल्या प्रकारातली. कानाला मऊ लागतात, स्वर भरपूर, जोडाक्षर एकही नाही, परभाषिकालाही पहिल्या खेपेला जमतात. ही त्यांची खरी बाजू आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. पण मराठी-संस्कृत कोशात ती सापडत नाहीत आणि नावांच्या याद्यांत एकाच नावाचे दोन-तीन अर्थ दिलेले असतात. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की 'माझ्या नावाचा अर्थ काय?' हे विचारतेच. तेव्हा हातात काही ठोस हवं. इनायाचं तसं नाही, ते अरबीतल्या 'इनायत'च्या कुळातलं आहे, त्याला अर्थ आहे. अनया मात्र घेण्याआधी थांबा. संस्कृतात 'नय' म्हणजे नीती आणि 'अनय' म्हणजे तिचा अभाव.

शिवाय आपण जी यादी बघतो तीच यादी इतर हजारो घरांत बघितली जात असते. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही अशी. हा अर्थ इतक्या जणांना आवडला की आज ते नाव जागोजागी ऐकू येतं.

दुसऱ्या प्रकारात ओवी, मधुवंती हा राग, शिखरिणी हे कवितेचं वृत्त. हे शब्द आपण ऐकलेले असतात, फक्त समोरच्या मुलीचं नाव म्हणून ऐकलेले नसतात. नाव सांगितल्यावर माणूस क्षणभर थांबतो, 'अरे हो' म्हणतो आणि ते त्याच्या लक्षात राहतं. माझं झुकतं माप पूर्णपणे इकडे आहे.

एक तिसरा मार्गही लोक काढतात: नाव तेच, रोमी लिपीत एखादा 'ए' किंवा 'आय' वाढवायचा. त्यानं नाव विरळ होत नाही. हाक तीच राहते आणि मुलीला प्रत्येक अर्जावर स्पेलिंग फोडून सांगत बसावं लागतं.

ओळखीचा शब्द घ्यायचा ठरलं की तो कुठून आणायचा हे येतं, आणि इथे मन रमतं.

वेद-उपनिषदांतल्या स्त्रियांची नावं बघा. मैत्रेयी आणि गार्गी दोघी बृहदारण्यक उपनिषदातल्या. मैत्रेयीचा नवरा याज्ञवल्क्य ऋषी संपत्तीची वाटणी करायला निघाला, तेव्हा जिनं अमरत्व मिळत नाही ती संपत्ती घेऊन मी काय करू, असं मैत्रेयीनं त्याला विचारलं. गार्गीनं जनकाच्या सभेत त्याच याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले. दोन्ही नावं सुंदर, पण आता विरळ म्हणता येणार नाहीत. विरळ हवं तर लोपामुद्रा, घोषा, विश्ववारा, अपाला यांच्याकडे जावं लागतं. या चौघींची नावं ऋग्वेदातल्या सूक्तांशी जोडलेली आहेत, म्हणजे मुलीला सांगायला गोष्ट भक्कम आहे. पण त्या चार नावांत फार फरक आहे. घोषा ऐकायला खणखणीत, तरी बायकी गोडवा शोधणाऱ्याला ते रुक्ष वाटेल. अपालाचा सरळ अर्थच 'जिला रक्षणकर्ता नाही' असा होतो, म्हणून ते मी सुचवणार नाही. विश्ववारा चार अक्षरांचं, अर्थानं भरलेलं आणि चटकन म्हणता येणारं. या गटातलं माझं मत त्याला.

रामायणातून घ्यायचं तर सीतेच्या तीन बहिणी शेजारी ठेवून बघा. ऊर्मिला सगळ्यांना ठाऊक आहे. शत्रुघ्नाची श्रुतकीर्ती फार क्वचित भेटते, पण आठवड्याभरात तिची कीर्ती होईल आणि कीर्ती काही विरळ नाही. भरताची मांडवी मधोमध बसते: उच्चार सोपा, नाव दुर्मीळ, आणि त्याच नावाची नदीही आहे.

संगीत आणि छंद हे आणखी दोन साठे. रागांपैकी भैरवी, आसावरी रुळलेली आहेत. बागेश्री त्यांच्याहून कमी, आणि मधुवंती त्याहून कमी भेटते. वृत्तांपैकी मालिनी केव्हाच नाव झालं. शिखरिणी आणि मंदाक्रांता दोन्ही सतरा-सतरा अक्षरांची वृत्तं, दोन्ही स्त्रीलिंगी, आणि मुलीचं नाव म्हणून दोन्ही जवळजवळ अस्पर्श. मंदाक्रांता म्हणजे हळूहळू पावलं टाकत जाणारी. कालिदासाचं अख्खं मेघदूत याच वृत्तात आहे. बहिणीला ते फार आवडलं होतं. मग तिच्या नवऱ्यानं सहज हाक मारून बघितली, "मंदा!" आणि तिथेच ते बारगळलं.

ही हाकेची कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तीन अक्षरांपुढचं नाव घरात टिकत नाही, त्याचं काहीतरी होतंच. म्हणून पूर्ण नावाची तुलना करण्याआधी लघुरूपांची करावी. लोपामुद्राची लोपा होते आणि लोप म्हणजे नाहीसं होणं. शिखरिणीची शिखा चालते. मधुवंतीची मधू होते, आणि मधू मुलाचंही नाव असतं. प्रियंवदाची प्रिया झाली की विरळपणा संपला.

नाव मुलीचंच वाटावं, या अटीकडेही नीट बघायला हवं, कारण स्त्रीत्व नावात तीन ठिकाणी असू शकतं. एक शेवटच्या स्वरात: आ, ई, आणि वती, श्री, मयी, इनी यांसारखी टोकं. मृणाल ऐकून मुलगा की मुलगी असा प्रश्न पडतो, मृणालिनी ऐकून पडत नाही. किरण, सुहास यांचंही तेच. दुसरं अर्थात: कोमल, नाजुका. तिसरं त्या नावाच्या स्त्रीत, जसं मैत्रेयीत. मी मुलींना शिकवते, म्हणून मनापासून सांगते की कोमलपणावर सगळा भार टाकू नका. 'दा' म्हणजे देणारी: शुभदा, वरदा, सुखदा. ऋतंभरा म्हणजे सत्य धारण करणारी, हा शब्द योगसूत्रांत प्रज्ञेचं विशेषण म्हणून आला आहे. ही नावं पूर्ण बायकी आहेत आणि त्यांत ती मुलगी काहीतरी करते आहे.

ऋतंभराला एक अडचण आहे. 'ऋ' आपण 'रु' म्हणतो, हिंदी बोलणारे 'रि' म्हणतात. 'ज्ञ'चंही तसंच, प्रज्ञाची प्रग्या होते. 'ळ' तर पुष्कळांना येतच नाही, त्यामुळे बकुळाची बकुला होते. मुलगी अनेक भाषांत वावरणार असेल तर हे आधीच तोलून ठेवावं. मला स्वतःला यासाठी चांगलं नाव सोडावंसं वाटत नाही, पण बहिणीनं ऋतंभरा याच कारणानं बाजूला ठेवलं.

फुलांबद्दल फार लिहीत नाही. सायली, केतकी, प्राजक्ता खूप झाल्या. शेवंती आणि अबोली अजून मोकळ्या आहेत, आणि दोन्ही गोड आहेत.

शेवटी आमच्या कागदावर दोन नद्या उरल्या: वितस्ता आणि इरावती. वितस्ता हे झेलमचं जुनं नाव, इरावती हे रावीचं. विरळपणात वितस्ता सरळ पुढे. पण ज्याला ज्याला सांगितलं त्यानं "काय?" म्हणून परत विचारलं. त्यात संस्कृतात 'वितस्ति' म्हणजे आपली वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं माप, म्हणून जाणकारही गोंधळायचे. शिवाय लहान तोंडाला 'स्त' जड जातो. इरावती मात्र सगळ्यांना एकदाच सांगावं लागलं. 'इरा' म्हणजे पाणी, इरावती म्हणजे जलसंपन्न. त्या नावामागे माणूसही आहे: मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. उणी बाजू एकच, इरा हे लघुरूप सध्या बरंच चालतं. आम्ही ते मान्य केलं, कारण दाखल्यावर आणि हजेरीत पूर्ण नाव राहणार होतं.

भाची आता तीन वर्षांची आहे. घरात सगळे इरा म्हणतात. तिला अजून 'र' येत नाही, पण नाव विचारलं की ती अर्ध्यावर थांबत नाही. "इयावती" असं पूर्ण सांगते, आणि मी नुसतं इरा म्हटलं तर, "मावशी, वती लाहिलं" म्हणून आठवण करून देते.