जाम झालेला स्क्रू: तेल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, उष्णता की ड्रिल?

यामाहा आरएक्स १०० सारखी जुनी टू-स्ट्रोक गाडी घरीच उघडायला घेतली, की पहिली अडचण इंजिनाच्या आत नव्हे, तर क्लच कव्हरच्या स्क्रूंपाशीच येते. फुलीच्या खाचेचे हे पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये वर्षानुवर्षे बसलेले असतात. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात पावसाचे पाणी शिरले की अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट दाटून बसते. म्हणूनच लोखंडाच्या तांबूस गंजासाठी केलेले उपाय येथे अनेकदा अपुरे पडतात.

कोणताही उपाय निवडण्याआधी हातातला स्क्रूड्रायव्हर तपासावा. जपानी पद्धतीच्या स्क्रूची खाच फिलिप्स, म्हणजे नेहमीच्या फुलीच्या, खाचेसारखी दिसली, तरी तिची घडण वेगळी असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. साधे फिलिप्स टोक त्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावताच वर उसळून खाच गोल करते. शिवाय ६ मिमी स्क्रूला तीन नंबरचे टोक लागते, तर घरात बहुतेकांकडे दोन नंबरचेच असते.

आट्यांत झिरपणारे तेल हा सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आहे. गॅरेजमध्ये डिझेल टाकून ठेवण्याची पद्धत आहे, तीही त्याच जातीची. मात्र कव्हरच्या स्क्रूचे डोके पृष्ठभागाला घट्ट टेकलेले असल्याने तेल खालच्या आट्यांपर्यंत फार थोडे पोहोचते. रात्रभर भिजवून डोक्यावर हलके ठोके द्यावेत, परंतु केवळ तेलाच्या भरवशावर राहू नये.

त्या तुलनेत हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर अधिक खात्रीचा ठरतो. ठोका बसताच त्याचे टोक खाचेत खाली दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरते, त्यामुळे खाच झिजण्याची वेळ सहसा येत नाही. काहीशे रुपयांची ही वस्तू, माझ्या मते, अशा कामासाठी सर्वांत आधी विकत घ्यावी. ठोकण्यापूर्वी दिशा सोडवण्याची आहे ना, हे आवर्जून पाहावे. उलट्या दिशेने लावून स्क्रू अधिकच आवळणारे आपण एकटेच नसतो. इंजिनाला भक्कम आधार हवा, नाहीतर ठोका वाया जातो. कार्बोरेटरवर मात्र हे हत्यार अजिबात वापरू नये, कारण त्याची ओतीव बॉडी ठिसूळ असते. तेथे योग्य टोक, तेल आणि हाताचा दाब एवढ्यावरच काम भागवावे.

इम्पॅक्ट ड्रायव्हरनेही स्क्रू हलला नाही, तर उष्णता द्यावी. तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून स्क्रूपेक्षा त्याच्या भोवतीचे केसिंग तापवावे आणि गरम असतानाच स्क्रू फिरवावा. यासाठी हॉट एअर गन पुरेशी आहे. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर काढून दूर ठेवल्याशिवाय उष्णतेला हात घालू नये, आणि जवळ ऑइल सील असेल तर ते बदलण्याची तयारी ठेवावी.

खाच पूर्ण गोल झाली असेल, तर पुष्कळ जण थेट इझी आउट, म्हणजे दांड्यात भोक पाडून त्यात उलटे फिरवायचे निमुळते टोक, आणायला धावतात, आणि नेमकी येथेच निवड चुकते. कव्हरच्या स्क्रूसाठी त्याहून सोपा मार्ग आहे: डोक्याच्या मध्यावर सेंटर पंच (खूण पाडायचे टोकदार हत्यार) मारून, दांड्यापेक्षा किंचित जाड, म्हणजे ६.५ मिमीचे ड्रिल चालवून केवळ डोके उडवावे. डोके गेले की ताण सुटतो, कव्हर निघून येते आणि कव्हरच्या जाडीइतका दांडा बाहेर उरतो, जो वाइस ग्रिपमध्ये, म्हणजे घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीत, धरून बहुतेक वेळा हलक्या हाताने फिरतो.

दांडा पृष्ठभागाशी समपातळीत तुटला असेल, तरच इझी आउटचा विचार करावा. त्याचे निमुळते टोक आत जाताना दांडा बाहेरच्या बाजूला फुगवते, म्हणजे कधीकधी तो अधिकच अडकतो. आणि ते कठीण पोलादाचे टोक आतच मोडले, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. त्याऐवजी आधी डाव्या फिरकीचे, म्हणजे स्क्रू सोडवण्याच्या दिशेने फिरत कापणारे, ड्रिल वापरून पाहावे, कारण भोक पाडता पाडताच दांडा अनेकदा त्याच्याबरोबर बाहेर येतो. तेही जमले नाही, तर दांड्यावर नट वेल्ड करून देणाऱ्या कारागिराकडे इंजिन न्यावे. वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सैल होतात.

जोडताना जुन्या स्क्रूंच्या जागी त्याच लांबीचे, षटकोनी खाचेचे अ‍ॅलन स्क्रू घ्यावेत आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे. मात्र अ‍ॅलन कीने जास्त जोर सहज लागतो, आणि ६ मिमीच्या स्क्रूला साधारण १० न्यूटन-मीटरच्या पुढे आवळल्यास अ‍ॅल्युमिनियमचे आटेच निघून येण्याचा धोका असतो.